आम्ही विद्यापीठ बघायला गेलो

आमच्या घरात ‘मानवतं का’ हा प्रश्न औषध, पाणी आणि नवीन बियाणं एवढ्यांपुरताच विचारतात. माणसाला एखादी जागा मानवेल की नाही हे तिथे राहिल्यावर कळतं, आणि कळून काही उपयोग नसतो, असा घरचा अनुभव. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, देहूरोडचा लष्करी डेपो मानवला का हे कोणी विचारलं नव्हतं. लग्न होऊन औंढ्यात, लोणावळ्याजवळच्या आमच्या गावात, आलेल्या आईला औंढे मानवलं का, हे तर कोणाच्या डोक्यातही आलं नसेल. त्यामुळे माझी बारावी झाल्यावर एका मोठ्या विद्यापीठाने कळवलं की ‘आम्ही तुम्हाला निवडलंय, आता आम्ही तुम्हाला मानवतो का ते तुम्ही ठरवा’, तेव्हा आमच्याकडे हा प्रश्न कुठे ठेवायचा हेच कोणाला समजेना.

ते विद्यापीठ कर्नाटकात होतं, बेळगाव ओलांडून बरंच पुढे, एका माळावर. देशभरातली हुशार पोरं तिथे अर्ज करतात आणि ते त्यातली मूठभर घेतात. मला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. लोणावळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी अर्ज भरायला लावला. ‘लागलं तर लागलं’ म्हणाल्या. परीक्षा झाली, मग एक निबंध लिहायचा होता. मी पॉइंटवर येणाऱ्या पाहुण्यांवर लिहिला. एवढ्या लांबून दरी बघायला येतात आणि दरीकडेच पाठ करून फोटो काढतात, असं काहीतरी. मुलाखत फोनवर होती आणि आमच्या घरात रेंज नाही, म्हणून ती मी रस्त्यावर तात्याच्या गाडीत बसून दिली. तात्या म्हणजे माझा चुलता. त्याची टुरिस्ट गाडी आहे, लोणावळ्यातून पाहुण्यांना पॉइंट फिरवतो. मुलाखत चालली होती तेवढा वेळ तो बाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून हात करत होता.

निवड झाली. फी माफ, राहणं-खाणं माफ. पैशाचं रडगाणं असतं तर किती बरं झालं असतं असं मला नंतर फार वेळा वाटलं. नाही म्हणायला एक सरळ, खालमानेने सांगता येईल असं कारण मिळालं असतं. ते कारणच विद्यापीठाने काढून घेतलं होतं. वर लिहिलं होतं की एक दिवस घरच्यांना घेऊन या, सगळं बघा, वर्गात बसा, आमच्या प्राध्यापकांबरोबर जेवा, मग निवांत ठरवा.

मी ते अंगणात मराठीत करून सांगितलं. तात्याने मान डोलावली. त्याला ताबडतोब सगळं समजलं.

“म्हंजे त्यांना पोरगी पसंत हाय,” तो म्हणाला. “आता आपण घर बघायला जायचं.”

मला हसू आलं, पण तो चेष्टा करत नव्हता. अप्पाही हसले नाहीत. आमच्याकडे मुलीला स्थळ आलं की मुलीकडची मोठी माणसं मुलाचं घर बघायला जातात, आणि त्या जाण्याचे नियम आहेत. गावाबाहेर चहाच्या टपरीवर आधी चौकशी करायची. घरात गेल्यावर पाणी कुठून येतं ते बघायचं. बायकांनी काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरात डोकावायचं. चहा-पोहे घ्यायचे. आणि जेवायचं नाही. जेवायला बसलं की शब्द दिला, असं समोरचे धरून चालतात, आणि ते बरोबरच असतं. पसंत नसेल तर ‘नाही’ असं तोंडावर कोणी म्हणत नाही. पाट मांडायला लागले की ‘लांब जायचंय, पुन्हा येऊ’ म्हणून उठायचं. समोरचे काय ते समजतात. माझ्या आत्याच्या मुलीच्या वेळी तात्या असाच वाढलेल्या ताटावरून उठला होता, आणि त्या घरची मटणाची आमटी सोडल्याचं दुःख तो अजून सांगतो.

तर आम्ही विद्यापीठ बघायला गेलो. अप्पांनी डेपोतून रजा काढली. आई शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या एका बंगल्यावर पाहुण्यांचा स्वयंपाक करायची, तिने तिथे दुसरी बाई लावून दिली. तात्याने ऐन सीझनमधलं बुकिंग सोडलं. हे त्याने वाटेत सगळ्यांना ऐकवलं, टोलनाक्यावरच्या माणसालासुद्धा. निपाणीच्या पुढे एका लॉजवर मुक्काम केला. सकाळी आई लॉजवाल्याच्या चुलीवर भाकऱ्या भाजून, फडक्यात बांधून तयार होती. लॉजवाल्याला तिने कसं पटवलं, देव जाणे.

गेटच्या अलीकडे टपरी होती. अप्पांनी गाडी थांबवायला लावली. मला उतरू दिलं नाही. मुलगी चौकशीला जात नसते. मी काच खाली करून ऐकत होते. टपरीवाला मराठी बोलणारा निघाला.

“माणसं कशी हायेत?” अप्पांनी विचारलं.

“चांगली आहेत की. पोरं पण चांगली. उधारी ठेवत नाहीत. पण बाहेर फार येत नाहीत ती. आणि सुट्टी लागली तरी घरी जात नाहीत काही काही पोरं. आतच ऱ्हातात.”

अप्पांनी चहा संपवला आणि कप खाली ठेवताना एकदा गाडीकडे बघितलं. घरी न येणारी पोरं हा मुद्दा त्यांच्या मनात कुठे जाऊन बसला ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. निदान तेव्हा तसं वाटलं.

गेटवर कोणी पिशव्या तपासल्या नाहीत. सारा जन्म डेपोच्या गेटवर डबा उघडून दाखवण्यात गेलेल्या माणसाला हे पटेना. पहारेकऱ्याने सलाम ठोकला तर अप्पांनी गडबडून उलटा सलाम केला. तात्या मात्र खूश होता. इमारती बघून तो म्हणाला, “फुल्ल सीझनला हितं खोली मिळायची न्हाई.” पार्किंग बघून म्हणाला, “लय भारी.” त्याला पुढचं काही बघायची गरज राहिली नव्हती.

तिथल्या प्रवेश कचेरीतल्या एक बाई आमच्याबरोबर फिरल्या. माझ्या आईच्या वयाच्या असतील. सुती साडी, पायात साध्या चपला, हिंदी आमच्यासाठी मुद्दाम सावकाश. चांगल्या होत्या. मी हे लिहिताना त्यांच्यात काहीतरी खोट शोधतेय आणि सापडत नाही, याचाच मला राग येतो. त्यांनी ग्रंथालय दाखवलं, वसतिगृह दाखवलं. आईने पाण्याच्या टाक्या बघितल्या. मेसपाशी आल्यावर आई म्हणाली, जरा हात धुऊन येते, आणि मागच्या दाराने थेट भटारखान्यात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा चेहरा कोरा. आईचा चेहरा बंगल्यावर नोकरी केल्यापासून पाहुण्यांसमोर कोराच असतो.

एक विद्यार्थिनीही सोबत होती, दुसऱ्या वर्षाची. मी लोणावळ्याची म्हटल्यावर ती आनंदाने ओरडलीच. तिच्या मावशीचा खंडाळ्यात बंगला होता. लहानपणापासून दर पावसाळ्यात जायची म्हणे.

“तुम्ही लोक तिथे जेवायला कुठे जाता?” तिने विचारलं. “चांगली जागा सांग ना.”

“घरी,” मी म्हटलं.

ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं. मग तिने मला सांगितलं की पहिले काही महिने इथे सगळ्यांनाच आपण चुकून आलोय असं वाटतं, तिलाही वाटलं होतं. मी तिच्याकडे बघत राहिले. हिला चुकून आल्यासारखं वाटत असेल, तर मी कोणत्या शब्दाने सुरुवात करायची?

मग मला एका वर्गात बसवलं. घरचे बाहेर बाकावर बसले. या वर्गाबद्दल मी घरी कधी काही बोलले नाही.

शिकवणारे गृहस्थ म्हातारे होते, शर्टाची एक बाही दुमडलेली, एक सुटलेली. विषय होता पाणी कोणाच्या मालकीचं. पोरं बोलत होती. इंग्रजी असं की मला कळत होतं, पण मी त्यात शिरू शकत नव्हते. रहाटपाळण्यात चढताना लहानपणी व्हायचं तसं, आत्ता चढू, आत्ता चढू, आणि पाळणा वर. तेवढ्यात त्यांनी मला विचारलं, “तुमच्या मावळात धरणं आहेत ना? तुम्हाला काय वाटतं?” मी गप्प. आमच्या कॉलेजात गप्प बसलं की प्रश्न शेजारच्या बाकावर जातो. ते थांबले. नुसते थांबले. घड्याळाकडे बघितलं नाही, ‘हरकत नाही’ म्हणाले नाहीत, पोरंही कोणी खाकरली नाहीत. शेवटी मी हिंदीत म्हटलं की धरणाचं पाणी आम्हाला रोज दिसतं, पण आमच्या नळाला येत नाही, म्हणून आम्ही त्याला पाणी म्हणत नाही, धरण म्हणतो.

ते फळ्याकडे वळले आणि माझं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं. इंग्रजीत केलं, पण ते माझंच होतं. पुढचा सगळा तास त्या वाक्यावर चालला. मी पुन्हा तोंड उघडलं नाही, तरी ते पुसलं गेलं नाही.

आपण जे सहज बोलतो त्यावर कोणी तासभर बोलू शकतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. मला तिथे यायचं होतं. त्या फळ्यापाशी मला अगदी स्वच्छ कळलं होतं. आजूबाजूची पोरं, त्यांचं इंग्रजी, मावशीचे बंगले, ते सगळं मला टोचलं असतं, मी कितीदा रडले असते, पण मला तिथे यायचं होतं.

तासानंतर जेवण. मेसमध्ये गोल टेबलं मांडली होती आणि प्रत्येक कुटुंबाच्या नावाच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. माझ्या नावाच्या एका बाजूला अप्पांचं नाव, दुसरीकडे आईचं. पलीकडे तात्याचं. समोर तेच म्हातारे प्राध्यापक आणि कचेरीतल्या बाई. जेवताना घरच्यांनी काय वाटेल ते विचारावं, पोरगी आजारी पडली तर काय, परत यावंसं वाटलं तर काय, हे सगळं तिथेच बोलायचं, अशी ती व्यवस्था होती. मी बसले. ताट वाढलं गेलं. आजूबाजूच्या टेबलांवर कोणाचे वडील मोठ्याने हसत होते. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

“आईवडील?” बाईंनी विचारलं.

“येतायत,” मी म्हटलं. मग थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हटलं. प्राध्यापकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि मला कसंनुसं वाटू नये म्हणून खिडकीबाहेर बघितलं. त्या बघण्याने मला जास्तच कसंनुसं झालं. मी उठले आणि त्यांना शोधायला गेले.

ते गाडीपाशी होते. तात्याने कडुलिंबाच्या सावलीत चादर अंथरली होती. मध्ये भाकऱ्यांचं फडकं, ठेचा, फोडलेला कांदा. आमच्या शेतावर दुपारी बसतात तसे तिघं बसले होते, मेसच्या दाराकडे तोंड करून.

“आत जेवण आहे,” मी म्हटलं. “तुमच्या खुर्च्या ठेवल्यात. नावं लिहून ठेवलीयेत.”

“तू जेव जा,” अप्पा म्हणाले. “आमी हितं बरं हाय.”

“सगळ्यांचे आईवडील आहेत आत.”

“आसूंदे. तू जेव.”

मला असा संताप आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. जेवायचं नाही म्हणजे शब्द द्यायचा नाही. म्हणजे यांनी ठरवलं. मला न विचारता, वर्गात काय झालं ते न ऐकता, टपरीवाल्याच्या एका वाक्यावर ठरवून मोकळे झाले. आणि मला ते तोंडाने सांगायचीही गरज वाटत नाही. ताटावरून उठतात तसे हे सगळ्या विद्यापीठावरून उठले. मी तिथेच उभी राहिले. मग आई चादरीवर जरा सरकली, तिने एक भाकरी मोडली आणि डब्याच्या झाकणावर ठेवली. मी बसले आणि खाल्ली. राग आला की मला भूक लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. अप्पांचा घास हातातच राहिला होता. त्यांनी आईकडे बघितलं, आईने मान खाली घातली, आणि मग अप्पांनी ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. आम्ही चौघांनी सगळ्या भाकऱ्या संपवल्या.

निघताना बाई गाडीपर्यंत आल्या. जेवणाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. अप्पांना नमस्कार करून म्हणाल्या, “हमारी तरफ से कोई जबरदस्ती नहीं है. आराम से सोचिए.”

“सोचते,” अप्पा म्हणाले. “कळवतो.”

गाडी निपाणीपर्यंत आली. मग तात्याला राहवलं नाही. “आग्रह न्हाई केला त्यांनी,” तो म्हणाला. “पोरगी पायजे आसती तर आग्रह केला आसता. एवढी मोठी मान्सं, एकदा तरी म्हनायचं, पाठवाच म्हणून.”

“आरं, पुढं बघून चालव,” अप्पा म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला सांगता येतील इतके वेगळे नव्हते. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. अप्पा सकाळच्या लोकलने देहूरोडला जायचे, संध्याकाळी यायचे. मी त्यांना पाण्याचा तांब्या द्यायचे आणि एखाद दिवशी विचारायचे, “अप्पा, काय करू?”

“तुझं तू बघ. आमचा काय जोर न्हाई.”

आमच्याकडे ‘तुझं तू बघ’ हे माणूस ऐकत नसलं की म्हणतात. तुझं तू बघ, म्हणजे मग आमच्याकडे येऊ नकोस. आईला विचारलं तर ती म्हणाली, “तुझ्या मनाला येईल ते कर.” हेही तसंच. मॅडमना विचारलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निर्णय माझाच हवा असं पुण्याच्या मराठीत सांगितलं. जो तो तो प्रश्न माझ्या हातात परत आणून देत होता, आणि देताना फार चांगुलपणाने देत होता. त्या दिवसांत कोणी मला ‘जाऊ नको’ म्हटलं असतं तर मी भांडून गेले असते. ‘जा’ म्हटलं असतं तर रडत गेले असते. तिसरं काही मला येत नव्हतं.

विद्यापीठ योग्य आहे का, याचा मी खूप विचार केला असं आता सांगायला बरं वाटेल. तसं काही नव्हतं. योग्य-अयोग्य फळ्यापाशीच मिटलं होतं. मी फक्त एवढंच बघत होते की घरातलं कोणीतरी एकदा म्हणेल, जा. ज्या घराला आपल्या माणसांनी शब्द दिला नाही त्या घरी मुलीने आपल्या पायांनी चालत जायचं नसतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण ते माझ्यात होतंच. विद्यापीठानेही पुन्हा फोन केला नाही. तीही सज्जन माणसं. जबरदस्ती करायची नाही म्हणजे नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी मी रेंजसाठी रस्त्यावर गेले. पानावर दोन चौकोन होते, येणार आणि येणार नाही. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. ऊन होतं. एक्सप्रेसवेचा आवाज येत होता. पाहुण्यांच्या गाडीतून एकाने मला पॉइंटचा रस्ता विचारला, मी सांगितला. मग मी घरी आले आणि आईबरोबर लसूण सोलायला बसले. ‘येणार नाही’सुद्धा मी दाबलं नाही. कशालाच हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं की जागा पुढच्या मुलाला दिली आहे, आणि तुम्हाला शुभेच्छा.

संध्याकाळी अप्पांनी स्टेशनवरून माझ्यासाठी वडापाव आणला. न मागता. त्यांना सुटल्यासारखं झालं असेल, असं मला वाटलं, आणि तो वडापाव मी कुत्र्याला घातला.

मग मी लोणावळ्यातच बीए केलं. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवण्यासारखं होतं असं वाटतही नाही. आता एका रिसॉर्टच्या रिसेप्शनला असते. युनिफॉर्म आहे, गजरा सक्तीचा आहे. पाहुणे येतात, माझं इंग्रजी ऐकून विचारतात, शिकलात कुठे? मी सांगते, इथेच. मग ते खूश होतात. कधीकधी एखाद्या टेबलावर त्या वर्गासारखं बोलणं चाललेलं कानावर येतं, आणि मी बिलाचा कागद घेऊन उगाच थोडा वेळ तिथे घुटमळते. ते लोक गप्प होतात. त्यांना वाटतं मी टेबल रिकामं करायला सांगायला आलेय.

परवा तात्याच्या मुलीला एका मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तेही लांबचं, तसंच निवडून घेणारं. तिथेही बोलावलंय, घरच्यांसकट येऊन बघा म्हणून. तात्याने गाडी धुतली. जाणार होते त्या दिवशी माझी सुट्टी होती. आईने सकाळी उठून भाकऱ्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि पोरगी गाडीत बसल्यावर तिच्या मांडीवर ठेवल्या.

“तितं जेवायला बसवलं की बस गं,” आई तिला म्हणाली. “पोटभर जेव. गाडीकडं पळत येऊ नको.”

मी ओट्यावर उभी होते. मला हसू आलं. “का? जेवली की शब्द दिल्यासारखं होईल.”

“म्हनूनच सांगती,” आई म्हणाली. “न्हाईतर तुझ्यासारखं व्हायचं. तू न्हाई का उठून आलतीस.”

“मी तुम्हाला बोलवायला आले होते.”

“बोलवायला आलीस आन भाकरी खात बसलीस.”

तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. ती खिडकीतून पोरीची ओढणी नीट करत होती. मी खाली उतरून तिच्यापाशी गेले. काय म्हणालीस ते परत सांग, म्हटलं.

“काय सांगायचं त्यात? तुझं अप्पा म्हनलं हुतं, आपण भाईर बसू. आपण आत जाऊन जेवलो तर शब्द दिल्यावानी हुईल, मग पोरीला नको आसंल तर न्हाई म्हनता यायचं न्हाई. तिचं तिला ठरवूंदे. ती तितं जेवली म्हंजे तिला पसंत हाय, मग आपण पण जाऊ आत. आमी दाराकडंच बघत हुतो. आन तू आलीस. ताट टाकून आलीस. आमी काय समजायचं?”

“मग विचारायचं ना मला.”

“कसं विचारनार? पोरीनं घास न्हाई खाल्ला त्या घरात. वरनं आपण जोर करायचा?”

अप्पा अंगणात खाटेवर बसले होते. आता ते डेपोतून निवृत्त झालेत आणि त्यांना थोडं कमी ऐकू येतं, पण हे सगळं ऐकत होते. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

“तुला कसं वाटलं होतं ते?” मी आईला विचारलं. इतक्या वर्षांत मी तिला हे पहिल्यांदा विचारत होते.

“मला? लय आवडलं हुतं,” आई म्हणाली. “भांडी सगळी घासून पालथी घातलेली, कोरडी ठाक. हितल्या बंगल्यावर पण आसं ठेवत न्हाईत. मी मागं उभी राहून आचाऱ्याला इचारलं पण, पोरीस्नी रात्रीचं गरम देता का. देतो म्हनला.”

“तिथे माझं वाक्य फळ्यावर लिहिलं होतं, आई.”

“कसलं वाक्य?”

मी सांगायला लागले, आणि सांगता येईना. तात्याने गाडी सुरू केली. आईने माझ्याकडे एकदा बघितलं, मग खिडकीतून हात घालून पोरीच्या मांडीवरचं भाकऱ्यांचं फडकं परत काढून घेतलं.

“आगं वैनी, वाटंत काय खायचं मग?” तात्या ओरडला.

“वाटंत हॉटेलं हायेत,” आई म्हणाली. “तितं जाऊन जेवा. चांगलं बसून जेवा समदी.”

गाडी गेली. त्या भाकऱ्या दुपारी आम्ही तिघांनी खाल्ल्या.